परवाना, नोंदणी आणि दाखला : किरकोळ दुरुस्तीच्या कारागिराची कायद्यातील आणि भाषेतील ओळख

१. प्रश्नाचे स्वरूप

घरातला नळ गळू लागतो, विजेचे बटण जळते, भिंतीला ओल येते, दाराची बिजागरी निखळते. अशा वेळी ज्या माणसाला बोलावले जाते त्याला मराठीत काय म्हणावे, या साध्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्याच्या एकेका कामाला नाव आहे : प्लंबर, वायरमन, सुतार, गवंडी, रंगारी. परंतु ही सगळी थोडीथोडी कामे अंगावर घेणारा, कधी स्वतः करणारा, कधी दोन माणसे जोडीला घेऊन करून देणारा जो छोटा कारागीर-कंत्राटदार आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र संज्ञा नाही. 'मिस्त्री' हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द; पण तोही कारागिरी सुचवतो, व्यवहारातील स्थान सुचवत नाही.

कायद्याची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. परवाना कोणाला लागतो आणि कोणाला लागत नाही याचे नियम भारतात बरेच आहेत. ते एकत्र वाचले असता असे दिसते की, या माणसाला एकही नियम नावाने ओळखत नाही. प्रत्येक नियम त्याला एखाद्या मर्यादेच्या खाली सोडून देतो. वरवर पाहता ही सवलत आहे. तिची किंमत काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी जयपूरमधील जवाहर नगर ही वसाहत डोळ्यांसमोर ठेवली आहे. शहराच्या पूर्वेला, गलताजीच्या डोंगररांगेलगत ती वसलेली आहे. एका बाजूला क्रमांक दिलेले सेक्टर आणि आखीव रस्ते. दुसऱ्या बाजूला डोंगराच्या कडेने पसरलेली कच्ची वस्ती. नियोजित घरांना दुरुस्तीची गरज सतत पडते आणि ती भागवणारे हात नियोजनाच्या नकाशात नसतात, ही भारतीय शहरांची सर्वसाधारण अवस्था येथे एका दृष्टिक्षेपात दिसते. जयपूर निवडण्याचे दुसरे कारण भाषिक आहे. कामगारविषयक आणि वीजविषयक मुख्य कायदे केंद्राचे आहेत. तेच कायदे महाराष्ट्रात मराठी शब्दांत आणि राजस्थानात हिंदी शब्दांत नांदतात. एकच विधान दोन भाषांत आणि दोन प्रशासकीय परंपरांत कसे वेगळे वजन धारण करते, हे तौलनिक अभ्यासकाला येथे ताडून पाहता येते.

२. वतन, मक्ता, परवाना

मराठी मुलखात कारागिराच्या अधिकाराचा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ आकार म्हणजे वतन. बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार या याद्या स्थळाकाळानुसार बदलतात. परंतु त्यांचे तत्त्व एकच असते. गावातील सुतारकाम अमुक घराण्याने करावे, त्याबद्दल सुगीच्या वेळी धान्याचा ठरलेला वाटा घ्यावा, आणि त्या गावात दुसऱ्या सुताराने शिरू नये. थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळींत बलुतेदार विभागले जात आणि ओळीप्रमाणे वाटा कमीजास्त होई. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने आणि बरेचसे टीकात्मक वर्णन आलेले आहे. आजच्या परिभाषेत बोलायचे तर बलुते म्हणजे एका गावापुरता, वंशपरंपरेचा, मक्तेदारी देणारा परवाना होय. मात्र तो कौशल्याला दिलेला नव्हता, जन्माला दिलेला होता. काम वाईट केले तरी वतन सहजी जात नसे, आणि उत्तम काम येत असले तरी परक्याला ते मिळत नसे. दया पवार यांच्या आत्मकथनाचे 'बलुतं' (१९७८) हे शीर्षक या व्यवस्थेच्या तळाशी असलेल्यांच्या वाट्याला काय आले, त्याकडे बोट दाखवते.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गवंडी आणि बेलदार ही बांधकामाची माणसे बलुतेदारांच्या प्रचलित याद्यांत सहसा आढळत नाहीत. गावाला सुतार आणि लोहार रोज लागत; दगडी बांधकाम करणारा कधीतरी लागे. तो फिरता राहिला. म्हणजे वतनाच्या व्यवस्थेतही बांधकामाच्या कारागिराला गावात कायमची जागा नव्हती.

राज्याच्या पातळीवर दुसरा आकार दिसतो, तो कारखान्यांचा. शिवकालीन राज्यव्यवस्थेच्या संदर्भात अठरा कारखाने आणि बारा महाल यांचा उल्लेख होतो; रघुनाथ पंडितांच्या 'राज्यव्यवहारकोशा'त प्रशासनातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेल्या जयपुरातही छत्तीस कारखान्यांची परंपरा सांगितली जाते. पोथीखाना, सूरतखाना, कपडद्वारा ही त्यांपैकी काही नावे. कारखान्यातील कारागीर दरबाराच्या हिशेबात असे. त्याला परवान्याची गरज नव्हती, कारण तो राज्याचाच माणूस होता.

तिसरा आकार एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक बांधकाम खात्याबरोबर आला. जयपूर संस्थानात १८६७ पासून सॅम्युएल स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखाली हे खाते वाढले. अल्बर्ट हॉल हे त्यांचे सर्वांत परिचित काम. स्थानिक इमारतींच्या घटकांची मोजमापांसह रेखाचित्रे त्यांनी १८९० पासून प्रसिद्ध केली. कारागिराच्या हातातील ज्ञान कागदावर उतरले, आणि तो कागद ज्याच्याजवळ असेल त्याला कारागीर बदलता येऊ लागला. पुणे परिसरात याच काळात महात्मा जोतीराव फुले बांधकामाची कंत्राटे घेत होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले. कंत्राट देणारा अधिकारी आणि राबणारा मजूर यांच्यामधली जागा त्यांनी स्वतः अनुभवली होती, आणि बांधकाम खात्यातील गैरव्यवहारांवरील त्यांच्या टीकेला त्या अनुभवाचे पाठबळ होते. वतनात जन्म मोजला जाई. मक्त्यात भांडवल आणि ओळख मोजली जाऊ लागली.

या तिन्ही आकारांचे अवशेष आजच्या शब्दसंग्रहात शेजारी शेजारी राहतात. 'मक्ता' अरबी मुळाचा, 'कंत्राट' पोर्तुगीज 'कोंत्रातो'वरून आलेला, 'ठेका' हिंदीशी समान, तर मराठवाड्यातील 'गुत्ता' आणि 'गुत्तेदार' तेलुगू-कन्नडशी नाते सांगणारे. 'मुकादम' हा एके काळी गावच्या पाटलाचा पर्याय होता. आता तो मजुरांची टोळी सांभाळणाऱ्याला लावतात. मुंबईत गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला 'बिगारी' म्हणतात. वेठबिगारीची पद्धत १९७६ च्या कायद्याने संपवली, तरी तिचा शब्द रोजगाराच्या बाजारात सन्मानाने नव्हे पण सहजपणे चालू राहिला. 'बेलदार' या शब्दाचा प्रवास तर अधिक बोधक आहे. मराठीत तो दगडकाम करणाऱ्या एका फिरत्या जातीचे नाव आहे. राजस्थानासह उत्तर भारतात तो अकुशल बांधकाम मजुराचा दर्जा दाखवतो. एकाच फारसी शब्दाने, म्हणजे फावडे धरणाऱ्याने, एका भाषेत जात धारण केली आणि दुसऱ्या भाषेत वेतनश्रेणी.

३. 'किरकोळ' मोजण्याची चार मापे

परवान्याचा प्रत्येक नियम कोठेतरी रेघ ओढतो आणि त्या रेघेखालचे काम 'किरकोळ' ठरवून सोडून देतो. ही रेघ कशाने ओढली जाते हे पाहिले, तर कायद्याला कारागिराविषयी काय वाटते ते कळते. ढोबळमानाने अशी चार मापे आढळतात.

पहिले माप वस्तूच्या स्वरूपाचे. विजेच्या कामाबाबत भारतात हेच माप आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनुसार विजेची मांडणी, तिच्यातील वाढ, बदल वा दुरुस्ती ही कामे परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावयाची असत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या विनियमांनी ही चौकट पुढे चालवली. परंतु दिवा, पंखा, फ्यूज, बटण आणि घरगुती उपकरणे यांची अदलाबदल, मांडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नसेल तर, या बंधनातून वगळलेली आहे. जवाहर नगरातल्या एखाद्या घरी पंखा बदलणारा माणूस नियमाच्या बाहेर असतो. त्याच घरी वातानुकूलन यंत्रासाठी नवी वायर ओढली की तोच माणूस नियमाचा भंग करतो. दोन कामांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर असू शकते. नळजोडणीच्या बाबतीत अशीच विभागणी नगरपालिकांच्या कायद्यांत आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमापासून परवानाधारक प्लंबरची कल्पना आढळते. पालिकेच्या जलवाहिनीला हात लावण्यासाठी परवाना हवा; घरातला वॉशर बदलायला नको. या मापामागे धोका आणि सार्वजनिक मालमत्ता यांचा विचार आहे, आणि तो रास्त आहे.

दुसरे माप डोक्यांचे. १९७० च्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियमाने वीस किंवा अधिक कामगार लावणाऱ्या कंत्राटदाराला परवाना आवश्यक केला. राजस्थानने २०१४ च्या दुरुस्तीने ही संख्या पन्नासवर नेली. महाराष्ट्राने २०१६ च्या दुरुस्ती कायद्याने तेच केले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने पन्नास हीच संख्या देशभर धरली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली. चार-पाच माणसे घेऊन काम करणारा मिस्त्री वीसच्या मर्यादेतही बाहेर होता. पन्नासच्या मर्यादेत तर त्याच्याहून कितीतरी मोठे कंत्राटदारही बाहेर गेले.

तिसरे माप पैशाचे. याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मिळते. तेथे बांधकाम कंत्राटदाराला परवाना सक्तीचा आहे. परंतु श्रम आणि साहित्य मिळून पाचशे डॉलरपेक्षा कमी असलेल्या कामांना सूट होती. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा एक हजार डॉलर झाली. मात्र त्या कामाला बांधकामाची परवानगी लागत नसावी आणि करणाऱ्याने दुसरा माणूस कामावर ठेवलेला नसावा, अशा अटी आहेत. जाहिरात करताना आपल्याजवळ परवाना नाही हे त्याने सांगितले पाहिजे, असेही बंधन आहे. म्हणजे सूट मिळालेल्या माणसाला स्वतःची ओळख एका नकाराने करून द्यावी लागते.

चौथे माप शिकण्यास लागणाऱ्या काळाचे. जर्मनीच्या १९५३ च्या हस्तव्यवसाय कायद्यात ठरावीक व्यवसाय स्वतंत्रपणे करण्यास 'मायस्टर' ही पदवी आवश्यक असते. २००४ मध्ये अशा व्यवसायांची संख्या ९४ वरून ४१ वर आणली गेली. २०२० मध्ये त्यांपैकी बारा व्यवसाय पुन्हा सक्तीच्या यादीत घेतले. २००४ च्या सुधारणेतच असे तत्त्व स्पष्ट झाले होते की, सुमारे तीन महिन्यांत शिकता येण्याजोगी कामे ही त्या व्यवसायाचा गाभा नव्हेत, म्हणून त्यांना पदवीची अट नाही.

या चार मापांत केवळ शेवटचे माप कारागिराच्या ज्ञानाला स्पर्श करते. वस्तू, डोकी आणि पैसा ही तिन्ही मापे कामाकडे पाहतात, माणसाकडे नाही. भारतीय नियमांत किरकोळ दुरुस्तीच्या कारागिरासाठी पहिली दोन मापे आहेत. सरकारी कामे घेणाऱ्यांसाठी तिसरेही आहे : बांधकाम विभागाकडे कंत्राटदारांची नोंदणी कामाच्या रकमेनुसार वर्गवारीने होते, आणि महाराष्ट्रात लहान कामांचा काही वाटा मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी राखला जातो. घरोघरी फिरून काम करणारा या वर्गवारीत कोठेच येत नाही. त्याने 'उक्ते' काम घेतलेले असते. रोजंदारीवर मोजला जाणारा वेळ नाही आणि निविदेत लिहिली जाणारी रक्कमही नाही. 'एवढे करून दे, एवढे घे' असा तोंडी व्यवहार असतो. 'उक्ते' या शब्दात कंत्राटाचा सगळा आशय आहे, फक्त कागद नाही.

४. एक कायदा, दोन अनुवाद, एक सरकलेला अपवाद

परवान्याच्या मर्यादेखाली राहिलेल्या माणसाला दुसऱ्या एका कायद्याने हात दिला होता. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीचा १९९६ चा अधिनियम आणि त्यासोबतचा उपकर अधिनियम यांनी बांधकामाच्या खर्चावर उपकर आकारून कल्याणनिधी उभारण्याची व्यवस्था केली. अठरा ते साठ वयाच्या, मागील बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामाचे काम केलेल्या कामगाराला लाभार्थी म्हणून नोंदणी करता येते. हा परवाना नव्हे, नोंदणी होय. ती काम करण्याची मुभा देत नाही. काम केले आहे याची दखल घेते.

या अधिनियमाचे हिंदी नाव 'भवन और अन्य सन्निर्माण कर्मकार' अशा शब्दांनी सुरू होते. मराठीत 'इमारत व इतर बांधकाम कामगार'. १९७० च्या कायद्याला हिंदीत 'ठेका श्रम' आणि 'उत्सादन', मराठीत 'कंत्राटी कामगार' आणि 'निर्मूलन'. हिंदी अनुवादाने संस्कृत शब्द घडवून कायद्याला बोलीपासून वेगळे उभे केले. मराठी अनुवादाने गिरणीच्या आणि संपाच्या भाषेतून रुळलेला 'कामगार' हा शब्द उचलला. जयपूरच्या चौकांत, ज्यांना तेथे 'चौखटी' म्हणतात, सकाळी काम शोधत उभा राहणारा माणूस स्वतःला 'कर्मकार' म्हणवणार नाही. मुंबईच्या नाक्यावर, पुण्याच्या मजूर अड्ड्यावर किंवा नागपूरच्या ठिय्यावर उभा असलेला माणूस मात्र 'नाका कामगार' हे नाव सांगू शकतो, कारण संघटनांनी ते त्याला दिलेले आहे. अनुवादातील शब्दनिवड हा येथे शैलीचा प्रश्न राहत नाही. अर्जावर लिहिलेला शब्द आपल्याविषयी आहे हे अर्जदाराला ओळखता यावे, असा तो प्रश्न आहे. परवान्याच्या बाबतीत मराठी प्रशासनाने 'परवाना', 'अनुज्ञप्ती' आणि 'लायसन' असे तीन शब्द वापरात ठेवले आहेत. त्यांपैकी पहिला मोगल दफ्तरातून आलेला आहे, दुसरा कोशातून आणि तिसरा रस्त्यावरून. लोक पहिला आणि तिसरा वापरतात.

यापुढचा मुद्दा अनुवादाचा नसून वाक्यरचनेचा आहे. १९९६ च्या अधिनियमात 'बांधकाम' या संज्ञेच्या व्याख्येत बांधणे, बदल करणे, दुरुस्ती, देखभाल आणि पाडणे हे सर्व येत होते. त्या व्याख्येत माणसांची संख्या नव्हती आणि रक्कमही नव्हती. दहा कामगारांची अट होती ती आस्थापनेला. दहा लाख रुपयांपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराची सूट होती तीही मालकाला, 'आस्थापना' या व्याख्येत. नोंदणीचे कलम मात्र 'कोणत्याही' बांधकामात नव्वद दिवस राबलेल्या कामगाराविषयी बोलत होते. त्यामुळे घरगुती दुरुस्तीवर जगणारा गवंडी, मालकावर कायदा लागू नसतानाही, स्वतः लाभार्थी असल्याचे म्हणू शकत होता.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हीही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात हे अपवाद 'बांधकाम' या संज्ञेच्याच व्याख्येत आणून बसवले आहेत. मागील बारा महिन्यांत दहापेक्षा कमी कामगार असलेले काम, तसेच पन्नास लाख रुपयांपर्यंतचे स्वतःच्या निवासाचे काम, हे 'बांधकाम' या शब्दातून वगळले आहे. या मर्यादा अधिसूचनेने बदलण्याची मोकळीक शासनाला आहे. लाभार्थीची नोंदणी पुन्हा नव्वद दिवसांच्या 'बांधकामा'वर अवलंबून आहे. व्याख्या शब्दशः वाचली, तर जो अपवाद पूर्वी मालकापुरता होता तो आता कामालाच लागतो. जवाहर नगरातील एखाद्या घराची ओल काढणाऱ्या गवंड्याने वर्षभर घाम गाळला तरी, व्याकरणाच्या दृष्टीने, त्याने 'बांधकाम' केलेले नसते. जुने नियम आणि योजना विसंगत नसतील तोवर चालू ठेवणारी बचावाची तरतूद संहितेत आहे, आणि व्याख्येचा अर्थ उदारपणे लावता येणार नाही असेही नाही. परंतु उदार अर्थाची गरज पडावी अशी जागा निर्माण झाली आहे, हे नाकारता येत नाही. एका उपवाक्याची जागा बदलल्याने कोणाचे काय होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण वाङ्मयाच्या अभ्यासकाला क्वचितच मिळेल.

५. यादीत असणे

मर्यादेखालच्या कारागिराला ओळख देण्याचे आणखी दोन प्रयत्न अलीकडच्या काळात झाले. दोन्हींची दिशा परस्परांविरुद्ध आहे, म्हणून ते एकत्र पाहणे उपयुक्त ठरेल.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत हाताने आणि हत्यारांनी, स्वयंरोजगाराच्या स्वरूपात, कुटुंबपरंपरेतील व्यवसाय करणाऱ्यांना प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दिले जाते. प्रशिक्षण, अवजारांसाठी साहाय्य आणि सवलतीचे कर्ज हे त्यापुढचे लाभ. योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, माळा गुंफणारे ही नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील. बलुत्या-अलुत्यांच्या याद्यांशी होणारी ही जुळणी लक्षणीय आहे. अठरा हा आकडा योगायोगाचा असला तरी यादीचा आशय योगायोगाचा नाही. गवंड्याला या यादीत स्थान मिळाले, कुलपे बनवणाऱ्यालाही मिळाले. वायरमन, प्लंबर आणि रंगारी यांना मिळाले नाही. ज्या कौशल्यांचा जन्म विसाव्या शतकात झाला आणि जी कोणत्याही एका जातीकडे गेली नाहीत, ती 'परंपरागत' ठरत नाहीत. म्हणजे वतनाची यादी वतनाशिवाय परत आली आहे. हक्क गेला, वाटा गेला, नावे राहिली.

दुसरा प्रयत्न राजस्थानचा. २०२३ मध्ये त्या राज्याने मंचाधारित गिग कामगारांच्या नोंदणीचा आणि कल्याणाचा कायदा केला. देशातील तो अशा प्रकारचा पहिला कायदा होय. सामाजिक सुरक्षा संहितेतही गिग आणि मंच कामगारांच्या व्याख्या आल्या. या कायद्याचा पाया असा की, ज्या संगणकीय मंचावरून काम मिळते त्याच्याकडे कामाची नोंद आपोआप होते. तेव्हा जवाहर नगरातल्या एका घरी भ्रमणध्वनीवरील ॲपमधून आलेला वीजकारागीर आणि चौखटीवरून बोलावलेला वीजकारागीर यांनी एकच पंखा एकाच रीतीने बसवला, तरी पहिल्याचे काम कोठेतरी लिहिले जाते आणि दुसऱ्याचे नाही. एका यादीत जुनेपणाने प्रवेश मिळतो, दुसरीत तंत्राने. मधला माणूस, म्हणजे शेजाऱ्याच्या शिफारशीवर आणि स्वतःच्या शब्दावर काम मिळवणारा, दोन्ही याद्यांच्या बाहेर राहतो. संख्येने तो अल्प नसावा, एवढे कोणत्याही शहरातील सकाळ पाहिली तरी कळते.

६. परवाना हवा की दाखला?

यावरून त्या माणसालाही परवाना सक्तीचा करावा, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो घाईचा ठरेल. परवाना म्हणजे मुभा. आणि मुभेला अर्थ येतो तो त्याआधीच्या मनाईमुळे. किरकोळ कामांना परवाना लावला, तर ज्याच्याजवळ तो नसेल तो गुन्हेगार ठरेल. फिरत्या समाजांच्या बाबतीत हा अनुभव आपल्याकडे ताजा म्हणावा इतका जवळचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी अनेक जमातींची नोंदणी केली, हजेरी लावली, आणि गावाबाहेर जाण्यासाठी पास सक्तीचा केला. १९५२ मध्ये तो देशभर रद्द झाला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने त्या कायद्यानंतरच्या जगातून आलेली आहेत. नोंद होणे हे सर्वांना सारखेच सुखाचे नसते, ही जाणीव मराठी वाचकाला या साहित्याने दिली. म्हणून नोंदणीच्या प्रत्येक योजनेकडे पाहताना ती माणसाला लाभासाठी शोधते की पहाऱ्यासाठी, हा प्रश्न विचारला पाहिजे.

येथे मराठीतील तीन शब्दांचा भेद उपयोगी पडतो. परवाना मुभा देतो. नोंदणी यादीत नाव घालते. दाखला साक्ष देतो. विजेची नवी मांडणी आणि पालिकेची जलवाहिनी यांसाठी परवाना असणे योग्यच आहे, कारण तेथे चूक झाल्यास तिसऱ्या माणसाचा जीव जातो. परंतु किरकोळ दुरुस्तीच्या कारागिराची आजची अडचण मुभेची नाहीच. ती त्याला आहे. त्याची अडचण साक्षीची आहे. नव्वद दिवस काम केले हे कोणी सांगायचे? महाराष्ट्रात मालकाचा वा ठेकेदाराचा दाखला, किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याचा दाखला, अशी वाट ठेवलेली आहे. पण उक्त्या कामात मालक नव्वद असतात, प्रत्येकी एका दिवसाचे. त्यांपैकी कोणीही स्वतःला मालक समजत नाही आणि कोणाकडेही शिक्का नसतो. ठेकेदार असलाच, तर तो स्वतःच मर्यादेखालचा, नोंद नसलेला. ज्याची स्वतःची ओळख कागदावर नाही त्याच्या सहीला कागदावर वजन येत नाही.

वतनाच्या व्यवस्थेत हा प्रश्न नव्हता, कारण सगळे गावच साक्षीदार होते. मात्र ती साक्ष जन्माची होती आणि तिची किंमत तळच्या माणसाने मोजली. शहराने जन्माची साक्ष नाकारली, हे योग्य झाले. तिच्या जागी श्रमाची साक्ष उभी करण्याचे काम मागे राहिले. जर्मन कायद्यातील शिकण्याच्या काळाचे माप येथे जसेच्या तसे आणता येणार नाही. पण कामाचे मोजमाप कारागिराच्या ज्ञानावरून करता येते, एवढे ते दाखवून देते. नव्वद घरांच्या नव्वद छोट्या सह्या एकत्र ग्राह्य धरणारी वही, किंवा केलेल्या कामाची पावती हाच दाखला मानणारा नियम, हे फार मोठे बदल नव्हेत. त्यांसाठी कायद्याला आपल्या व्याख्येत एक नाम जोडावे लागेल, आणि भाषेलाही.

तुलनेच्या अभ्यासात आपण सामान्यतः नाव असलेल्या गोष्टींची तुलना करतो. जवाहर नगरच्या निमित्ताने दिसते ते असे की, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जर्मन या चारही भाषांतील कायद्यांनी 'किरकोळ' कामाची व्याख्या केली आहे. ते करणाऱ्या माणसाची व्याख्या मात्र प्रत्येकाने वजाबाकीने केली. कंत्राटदार नव्हे तो, आस्थापना नव्हे ती, परवाना नसलेला तो. एखाद्या माणसाला वर्षानुवर्षे केवळ नकारांनी ओळखले गेले, तर हक्क मागण्याच्या दिवशी त्याच्याजवळ सांगण्यासारखे नाव उरत नाही. या प्रश्नाचा भाषिक भाग एवढाच आहे, आणि तो लहान नाही.